छातीत कळ आली की कोण वाचतं?

काल २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन. सकाळी शहरात रॅली निघाली. पांढरे टी-शर्ट, टोप्या, फुगे, फोटो. दुपारी नेहमीप्रमाणे प्रेसनोट आली: तेलकट खाऊ नका, रोज तीस मिनिटं चाला, ताण घेऊ नका. मी बातमी लावली. लावताना मनात आलं, आता महिनाभरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड टोळ्या निघतील. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या माणसाला "रोज चाला" हे कोण सांगणार? आणि मुकादमाची उचल अंगावर असताना "ताण घेऊ नका" हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

सुरुवात घरातूनच करतो. १९९८चा हिवाळा. मी कॉलेजात होतो. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मार्केट यार्डात हमाली करायचे. एका रात्री छातीत कळ आली, अंग घामानं भिजलं. घरच्यांनी पित्त समजून सोडा दिला, ओवा दिला. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी "ताबडतोब नगरला हलवा" म्हणून सांगितलं. जीप ठरवायला दोन तास गेले, चुलतीची बोरमाळ गहाण टाकून पैसे उभे करायला आणखी तीन. नगरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. तिथं आधी डिपॉझिट. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. वय ५२.

त्याच हिवाळ्यात, ज्यांच्या गाळ्यावर अण्णा पोती उचलायचे त्या आडत्यांनाही झटका आला. वय साधारण तेच. दारात गाडी होती. तासाभरात नगर, दुसऱ्या दिवशी पुणं, आठवड्यात बायपास. पुढं ते पंधरा वर्षं जगले. माणूस चांगला होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गावात लोक म्हणाले, "ज्याचं त्याचं नशीब." मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो.

नशीब नव्हतं. हे कळायला मला पत्रकारितेत यावं लागलं.

आपल्याकडं हृदयविकार म्हणजे गादीवर बसणाऱ्यांचा आजार, असा समज पूर्वापार आहे. शेठजीला, साहेबाला होतो; राबणाऱ्याला कशाला होईल? हा समज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर खोडला गेला तो लंडनमध्ये. १९६७ साली तिथं सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल नावानं तो प्रसिद्ध आहे. सगळ्यांना पक्की नोकरी, पेन्शन, सरकारी दवाखान्यात मोफत उपचार. तरीही सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्या माणसांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळपास तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब लावूनसुद्धा बराचसा फरक उरलाच. मायकेल मार्मट या डॉक्टरांनी पुढं सगळं आयुष्य या एकाच प्रश्नाला दिलं: हुद्दा खाली तसं आयुष्य कमी, असं का?

म्हणजे कलेक्टर कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाचं हृदय साहेबापेक्षा जास्त धोक्यात. आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलटं.

आणि हृदयाचा एक आजार तर सरळसरळ गरिबीचाच आहे. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. घर कोंदट, एका खोलीत आठ माणसं, त्यामुळं संसर्ग पसरतो. वेळेत पेनिसिलिन मिळालं नाही, तर काही मुलांच्या हृदयाची झडप कायमची बिघडते. ऐन पंचविशीत, बहुतेकदा बाळंतपणात, बाईला दम लागतो तेव्हा ते कळतं. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला, कारण घरं सुधारली आणि साधं औषध पोचलं. झडप बदलायचं ऑपरेशन लाखांत, पेनिसिलिन काही रुपयांत.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. सतरा हजार चौरस किलोमीटर, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके. उत्तरेत पाटपाणी आलं, ऊस आला. १९५०-५१ला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला. त्या साखरेतून शाळा आल्या, कॉलेजं आली, लोणीला मोठं रुग्णालय आलं. दक्षिण मात्र कोरडीच राहिली आणि तिथली माणसं त्याच उसाच्या फडात कोयता घेऊन उतरली. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. छातीत कळ आल्यावर कोण किती वेळात कुठं पोचतं, हे त्यातनंच ठरत गेलं.

पण याच कोरड्या दक्षिणेत एक गोष्ट घडली, जिचा अभ्यास करायला जगभरातून लोक आले.

१९६८च्या फेब्रुवारीत मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, तरी धाडस मोठं होतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं अमेरिकेत शिकून जामखेडला आलं. त्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी पाणी, आधी धान्य, मग औषध. गावोगावच्या बायकांना, त्यातही दलित आणि निरक्षर बायकांना, आरोग्य कार्यकर्त्या केलं. १९७१ला त्या भागात हजार बाळांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावायची. १९९०च्या दशकात हा आकडा पंचविशीच्या आसपास आला.

त्यातल्याच एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्या वॉशिंग्टनला जागतिक आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडं बोट दाखवून त्यांनी सांगितलं त्याचा मतलब असा: डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महागडे, आणि लांब. आम्ही साध्या दिव्यासारख्या, पण एका दिव्यावरून दुसरा लावता येतो.

ही गोष्ट हृदयविकाराला कशी लागू पडते, ते आता सांगतो.

२००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात भारताचा एक मोठा अभ्यास छापून आला. ८९ रुग्णालयं, हृदयविकाराचे वीस हजारांहून जास्त रुग्ण. निम्म्या रुग्णांना दवाखान्यात पोचायलाच सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. श्रीमंतांपैकी शंभरात पंधरा जणांची अँजिओप्लास्टी झाली, गरिबांपैकी दोघांची. महिन्याभरात गरिबांतले शंभरात आठ गेले, श्रीमंतांतले पाच-सहा. आणि खरी गोम पुढं आहे. मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूतला फरकच नाहीसा झाला.

परत वाचा. गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं. त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. हे वाचलं त्या दिवशी मला अण्णा आठवले.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. १९९७ला जीवनदायी योजना आली. २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नगर नव्हतं. २०१३च्या नोव्हेंबरात ती राज्यभर झाली, पिवळ्या-केशरी कार्डाला वर्षाला दीड लाख. पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. २०१४ला १०८ची गाडी आली. २०१७च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. लाख-सव्वालाखाला विकला जाणारा औषधाचा स्टेंट २९,६०० वर आणला. आज आपल्या ओळखीतली कितीतरी माणसं या योजनांमुळं हिंडती-फिरती आहेत.

पण योजना चालू होते ती दवाखान्याच्या दारात. दाराच्या अलीकडं जे आहे, ते तसंच आहे. दहा वर्षं वाढलेला रक्तदाब कुणी मोजलेला नाही. कळ आली की अजूनही पित्तच वाटतं. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटर. आणि स्टेंट टाकून आलेला माणूस चार महिन्यांत गोळ्या सोडतो, कारण बरं वाटतंय आणि दर महिन्याचे पैसे नाहीत. झुंबरं वाढली, दिवे कमी पडले.

ऊसतोडीत तर हे सगळं एकदम येतं. सहा महिने गाव सुटतं, रेशनकार्ड घरी, ओळखीचा डॉक्टर घरी. एक दिवस खाडा झाला तर दंड. अशा फडात रक्तदाबाची गोळी संपली तर आणायला कोण जातं?

म्हणून मागणी छोटी आहे. टोळ्या निघायला अजून वेळ आहे. ज्या गावातनं कोयते जातात, तिथं निघण्याआधी प्रत्येक नवरा-बायकोचा रक्तदाब आणि साखर मोजा. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांना पूर्ण हंगामाच्या द्या, सोबत काय आजार आहे ते मराठीत लिहिलेला कागद. प्रत्येक टोळीतल्या एका बाईला रक्तदाब मोजायला शिकवा आणि यंत्र द्या. कारखान्यांनी फडाजवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्याचा नंबर मुकादमाकडं द्यावा. यात नवीन काही नाही, आपल्याच जिल्ह्यानं पन्नास वर्षांपूर्वी ही वाट दाखवलेली आहे.

आणि घरी एवढं सांगा: छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, यातलं काहीही झालं तर सोडा-ओवा नको, सकाळची वाट नको. १०८ लावा, ईसीजी काढा.

आमच्या अण्णांना हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्या गावात आहे का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. यादी घेऊन मी जिल्हा परिषदेत जाणार आहे, काय उत्तर मिळतं तेही इथंच लिहीन.