पूर्वमुद्रिते, जीववैद्यकीय
तज्ञांकडून परीक्षण होण्यापूर्वीच लेखकाने सर्वांस खुले केलेले संशोधन-निबंध म्हणजे पूर्वमुद्रिते होत. ही प्रथा आंतरजालातून जन्मास आली असा समज आढळतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या शासकीय संस्थेने १९६१ मध्ये माहिती-विनिमय गट स्थापन करून अप्रकाशित निबंधांच्या प्रती सभासदांस टपालाने पाठविण्यास आरंभ केला. सभासदांची संख्या ३,६०० वर व निबंधांची २,५०० वर गेली. तथापि अशा रीतीने प्रसृत झालेले लेखन स्वीकारण्यास नियतकालिकांनी नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये हा उपक्रम संपुष्टात आला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रांट्स इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये, अन्यत्र प्रसिद्ध झालेला निबंध न स्वीकारण्याचा नियमच घालून दिला.

आंतरजालाने प्रतींचा व टपालाचा खर्च जवळजवळ नाहीसा केला. विरोध मात्र उरला. भौतिकीविज्ञ १९९१ पासून आपली पूर्वमुद्रिते संगणकाद्वारे खुली करीत होते. १९९९ मध्ये वरील संस्थेचे संचालक हॅरल्ड व्हार्मस यांनी जीववैद्यकासाठी ‘ई-बायोमेड’ ही योजना मांडली. चुकीचा निष्कर्ष वैद्यकात थेट रुग्णास भोवतो, या भूमिकेतून आर्नल्ड रेलमन या माजी संपादकांनी तीस हरकत घेतली. हा आक्षेप केवळ व्यवसायहिताचा नव्हता. २००० मध्ये ‘पबमेड सेंट्रल’ हे विनामूल्य भांडार उघडले, पण पूर्वमुद्रिते वगळूनच. जीवविज्ञानासाठी ‘बायोआर्काइव्ह’ २०१३ मध्ये व वैद्यकासाठी ‘मेडआर्काइव्ह’ जून २०१९ मध्ये सुरू झाले.

कोव्हिडच्या साथीत या पद्धतीची खरी कसोटी लागली. डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सु. एक-तृतीयांशाने घटतात, हे दाखविणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीची आकडेवारी २२ जून २०२० रोजी पूर्वमुद्रितरूपाने खुली झाली. नियतकालिकात ती १७ जुलै रोजी आली. साथीच्या भरात हे २५ दिवस थोडे नव्हेत. याउलट आयव्हरमेक्टिनचा मोठा लाभ सांगणारे एक पूर्वमुद्रित संशयास्पद आधारसामग्रीमुळे जुलै २०२१ मध्ये मागे घेण्यात आले. तोवर त्याची आकडेवारी इतरांच्या संकलित विश्लेषणांत शिरली होती. पण परीक्षण झाले म्हणजे धोका टळला, असेही नाही. ‘द लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी छापलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील निबंध, मूळ आधारसामग्री पडताळता न आल्याने, ४ जून रोजीच मागे घ्यावा लागला.

परीक्षण न झालेल्या निबंधाच्या आधारे उपचार ठरवू नयेत, अशी सूचना ‘मेडआर्काइव्ह’ निबंधांसोबत देते. वृत्तपत्रांतून रुग्णापर्यंत पोहोचताना ती पुष्कळदा गळून पडते.