मज्जारोपण : आज कीं उद्यां?

‘शुभस्य शीघ्रम्’ हें वचन आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. वैद्यकांत मात्र हितकारक गोष्ट केव्हां करावी हा प्रश्न, ती करावी कीं नाहीं या प्रश्नाहूनहि कधीं कधीं अवघड होऊन बसतो. मायलोमा या रोगाच्या इतिहासांत असेंच झालें.

मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. रोगप्रतिकारक द्रव्यें निर्माण करणाऱ्या मज्जेंतील पेशी त्यांत बेसुमार वाढतात. हाडें ठिसूळ होतात, रक्त कमी पडतें, मूत्रपिंडें थकतात. १८४५ सालीं लंडनमधील एका वाण्याच्या मूत्रांत डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांना एक चमत्कारिक प्रथिन आढळलें, आणि या रोगाची एक खूण हातीं आली. उपयुक्त औषध यावयास मात्र आणखी शतक लोटलें. १९५० नंतरच्या दशकांत मेल्फॅलन निघालें. त्यानें रोग दबे, पण जात नसे.

१९८३ सालीं लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयांत मॅकेल्वेन व पॉवल्स यांनीं तेंच औषध फार मोठ्या मात्रेंत देऊन पाहिलें. कांहीं रोग्यांत रोग दिसेनासा झाला. परंतु त्याबरोबर निरोगी मज्जाहि करपून जाई. तणासाठीं सारें शेतच जाळलें, तर पुढच्या पिकाला बियाणें कोठून आणावें? यावर तोड निघाली ती अशी : रोग्याची मज्जा, व पुढें रक्तांतून वेचलेल्या मूलपेशी, आधींच काढून गोठवून ठेवाव्या, औषध द्यावें, मग त्या शिरेंतून परत सोडाव्या. म्हणजे या रोगांत असें रोपण हें स्वतः औषध नव्हे. तो बियाण्याचा सांठा होय.

१९९६ सालीं फ्रान्समध्यें अत्ताल व त्यांचे सहकारी यांनीं २०० रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. पांच वर्षें जगण्याचा संभव रोपणाच्या गटांत शेंकडा ५२, तर जुन्या औषधयोजनेंत शेंकडा १२ निघाला. मग शीघ्रम् म्हणावयास हरकत काय? पण ही तुलना रोपण आणि औषधें यांची होती; आज आणि उद्यां यांची नव्हे. ती १९९८ सालीं फेर्मां यांनीं १८५ रोग्यांत केली. आरंभींच रोपण केलें काय किंवा रोग उलटल्यावर केलें काय, आयुष्याचें मध्यम मान दोहोंकडे ६४ महिन्यांच्या आसपासच भरलें. मात्र लक्षणें, उपचार व त्यांचा त्रास यांवांचून गेलेला काळ लौकर रोपण झालेल्यांना अधिक लाभला.

पुढें बोर्टेझोमिब व लेनॅलिडोमाइड हीं नवीं औषधें आलीं, आणि प्रश्न पुन्हां उभा राहिला. २०१७ सालीं फ्रेंच संशोधकांच्या प्रयोगांतील ७०० रोग्यांत रोग आटोक्यांत राहण्याचा काळ लौकर रोपणानें ३६ महिन्यांवरून ५० वर गेला. २०२२ सालीं अमेरिकेंतील ७२२ रोग्यांत ४६ वरून ६७ महिन्यांवर. तरीहि तोंपर्यंत जगल्या-वांचलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती.

मग थांबावें काय? येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ‘उद्यां’ सर्वांच्याच वांट्याला येतो असें नाहीं. फ्रेंच संशोधकांच्या प्रयोगांत रोग उलटून पुन्हां उपचार लागलेल्या शेंकडा ७९ जणांना मागाहून रोपण मिळालें; अमेरिकेंत ठरलेली औषधयोजना सोडलेल्यांपैकीं अवघ्या शेंकडा २८ जणांना. उलट, लौकर रोपण करणाऱ्यालाहि तोंड येणें, वांत्या, जंतुबाधेचें भय, कित्येक आठवड्यांची अशक्तता, हें सारें सोसावें लागतें.

म्हणून धडधाकट रोग्यास आरंभींच रोपण सुचविण्याची रीत आजहि पुष्कळ ठिकाणीं आहे. मात्र पेशी सांठवून थांबणें म्हणजे उपचार नाकारणें नव्हे. अशी वेळ एखाद्या घरावर आली, तर डॉक्टरांना ‘किती वर्षें?’ एवढेंच न विचारतां ‘तीं कशीं जातील?’ हेंहि विचारावें. आणि उत्तर ऐकतांना, ज्याला तीं वर्षें काढावयाचीं आहेत त्याला खोलीबाहेर बसवूं नये.