गाडी उचलताय, मोठे टायर टाकताय? आधी हे वाचा : थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनरवाल्यांसाठी कामाची माहिती

छत्रपती संभाजीनगर : पैठण, गंगापूर, वैजापूरकडची काळी माती पावसाळ्यात कशी असते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. शेतरस्त्यावर ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, ओढ्यात उघडे पडलेले दगड आणि मध्ये अडकलेली गाडी. मग कुणीतरी सुचवतं, "गाडी उचलून घे, मोठे टायर टाक, काही टेन्शन नाही." मोबाईलवर तशा गाड्यांचे व्हिडिओ रोज दिसतात, रुबाबही दिसतो.

पण चिखलातून निघण्यासाठी उंच केलेली गाडी घाटाच्या वळणावर उलटायला सोपी होते. अपघात झालाच, तर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून खर्च करण्याआधी गाडी उचलल्यानं नेमकं काय होतं, कायदा काय म्हणतो आणि कायद्यात राहून काय करता येतं, ते समजून घेऊ.

गाडी उचलतात म्हणजे काय करतात?

आपल्याकडे साधारण चार प्रकार चालतात.

१) पॅकिंग टाकणे : स्प्रिंगच्या वर किंवा खाली रबराचा, प्लास्टिकचा किंवा लोखंडाचा तुकडा बसवतात. हा सगळ्यात स्वस्त प्रकार. गाडी इंच-दीड इंच वर येते, पण स्प्रिंग आणि शॉकअप जुनेच राहतात.

२) पाट्यांचं काम : बोलेरोला मागे पाटे असतात. त्यात एखादा पाटा वाढवतात किंवा पाटे ठोकून त्यांचा बाक वाढवतात. गाडी उंच होते, पण रिकामी असताना फार आदळते.

३) पूर्ण किट : उंच स्प्रिंग, लांब शॉकअप आणि काही किटमध्ये पुढचे आर्मसुद्धा बदलतात. काम जास्त व्यवस्थित होतं, खर्चही जास्त.

४) बॉडी उचलणे : चासी आणि बॉडीच्या मधे ठोकळे टाकतात. चासी आहे तिथंच राहते, फक्त वरची बॉडी उचलली जाते. मोठ्या टायरला जागा होते, पण खालचा भाग दगडाला लागायचा तो लागतोच.

खरा घोळ इथंच आहे

थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर या सगळ्या गाड्यांना मागे अखंड एक्सल असतो. त्याच्या मधोमध डिफरन्सचा गोळा असतो. चाकोरीतून जाताना मधला उंचवटा बहुतेक वेळा यालाच घासतो. स्प्रिंग, पाटे किंवा किट टाकून बॉडी कितीही वर नेली, तरी हा गोळा एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही, कारण तो थेट चाकांना जोडलेला असतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल, त्याच्या निम्मीच उंची मिळते.

हिशोब करून बघा. थारला २४५/७५ आर १६ हा आकार येतो. यातला २४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची आणि १६ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. या टायरचा पूर्ण व्यास होतो ७७४ मिमी. त्याजागी २६५/७५ आर १६ टाकला तर व्यास ८०४ मिमी. म्हणजे ३० मिमी मोठा टायर टाकून गोळा वर गेला फक्त १५ मिमी, दीड बोटसुद्धा नाही.

थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीकडूनच २२६ मिमी आहे आणि ६५० मिमी पाण्यातून ती जाऊ शकते, असं कंपनी सांगते. मारुतीची जिम्नी तर १९५/८० आर १५ अशा अरुंद टायरवर आणि २१० मिमी क्लिअरन्सवर डोंगर चढते. चिखलात टायरच्या रुंदीपेक्षा त्याची नक्षी, त्यातली हवा, फोर बाय फोर आणि ड्रायव्हरचा हात जास्त कामाला येतो.

मोठ्या टायरची किंमत कुठं कुठं मोजावी लागते?

मीटर चुकतं. स्कॉर्पिओ-एनचा २४५/६५ आर १७ टायर ७५० मिमी व्यासाचा आहे. काही जण त्याला २८५/७० आर १७ टाकतात, तो ८३१ मिमी होतो. फरक जवळपास ११ टक्के. मूळ मीटर अचूक धरलं, तर मीटरवर ११० दिसताना गाडी प्रत्यक्षात १२२ नं पळत असते. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. सावंगीहून समृद्धीवर चढलात आणि "मी तर एकशे दहानंच होतो" म्हणालात, तरी कॅमेरा तुमचं मीटर बघत नाही. किलोमीटरही कमी पडतात, त्यामुळे सर्व्हिसिंग आणि ऑइल बदलायची वेळ हुकते.

ओढ कमी होते. टायर ११ टक्के मोठा झाला की रस्त्यावर मिळणारी ओढ साधारण १० टक्के कमी होते. चढाला खालचा गिअर आधी टाकावा लागतो, क्लच जास्त झिजतो, डिझेल जास्त लागतं.

ब्रेकवर ताण येतो. मोठा टायर जड असतो आणि ब्रेकची ताकद त्याच्यापर्यंत कमी पोचते. ब्रेकची डिस्क आणि पॅड तेच, पण थांबवायचं ओझं वाढलेलं. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

पुढचा भाग लवकर खराब होतो. गाडी उचलली की पुढच्या एक्सलचे सांधे जास्त कोनात वळतात. त्यांचे रबरी बूट फाटतात, आत माती जाते आणि वळताना कट-कट आवाज सुरू होतो. अलाइनमेंट बिघडून टायर एका बाजूनं खातात. ब्रेकचा होज तोकडा पडला तर ताणला जातो, आणि ही फार धोक्याची गोष्ट आहे. चाकं बाहेर काढायला स्पेसर किंवा जास्त बाहेर येणारे मॅकव्हील टाकले, तर बेअरिंगवरचा भार वाढतो.

स्टेपनी बसत नाही. चार टायर मोठे आणि स्टेपनी मूळ आकाराची, हे चित्र नेहमी दिसतं. वेगळ्या व्यासाचं चाक लावून, विशेषतः फोर बाय फोरमध्ये, लांब पळवलं तर डिफरन्स आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.

हेडलाईट वर जातात. गाडी उचलल्यावर लाईट खाली सेट केले नाहीत, तर उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री दुचाकीवाल्याला काहीच दिसत नाही.

उलटण्याचा धोका : साधं गणित

गाडी किती लवकर उलटेल हे प्रामुख्यानं दोन गोष्टींवर ठरतं. एक, डाव्या आणि उजव्या चाकातलं अंतर. दुसरी, गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. अंतराच्या निम्म्याला या उंचीनं भागायचं. उत्तर जितकं लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा यंत्रणा गाड्यांना उलटण्याबाबतचे गुण देताना हेच गुणोत्तर वापरते.

समजा, चाकातलं अंतर १५२० मिमी आहे आणि वजनाचा मध्य ७०० मिमीवर आहे. निम्मं अंतर ७६०, भागिले ७००, उत्तर १.०९. आता वजनाचा मध्य तीन इंच, म्हणजे ७५ मिमी वर गेला. ७६० भागिले ७७५, उत्तर ०.९८. तीन इंचात दहा टक्के स्थिरता गेली. त्यात वर कॅरिअरवर सामान आणि आत लग्नाचं वऱ्हाड बसवलं की वजन आणखी वर जातं.

कन्नडचा औट्रम घाट किंवा दौलताबादहून खुलताबादकडे जाणारा घाट आठवा. उताराचं वळण, समोरून अचानक आलेली गाडी आणि झटक्यात फिरवलेलं स्टेअरिंग. कंपनीनं ईएसपी दिलं असलं, तरी ते मूळ उंची आणि मूळ टायरच्या हिशोबानं बसवलेलं असतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, आरसीवरची माहिती कंपनीनं मूळ दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. रचनेत असा बदल, ज्यामुळे गाडीचं मूळ स्वरूप बदलतं, त्याला कायदा फेरफार मानतो.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात यावर निकाल दिला. कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं. ब्रेक, लाईट, टायर, सगळं एकत्र तपासून मंजुरी मिळते. तुम्ही गॅरेजमध्ये जे बदलता, ते कुणी तपासलेलं नसतं. कायद्याचा मुद्दा हाच आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक फेरफारासाठी" हे शब्द नीट वाचा.

जाता जाता : बंपरपुढचा लोखंडी क्रॅश गार्डही चालत नाही. त्याविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

विमा आणि पासिंग

दंड भरून माणूस सुटतो. विम्याचं तसं नाही. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. अपघातात दुसरं कुणी दगावलं किंवा जखमी झालं, तर कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेशही होऊ शकतो. अशी रक्कम लाखांत जाते आणि वेळ जमीन विकण्यावर येते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते. एमएच २० असो की दुसरी कुठली पासिंग, उचललेली गाडी तिथं अडकू शकते. प्रवासी वाहनांना तर ठरावीक मुदतीनं फिटनेस लागतंच.

मग करायचं काय? कायद्यात राहून पाच उपाय

१) गाडी बसली आहे का ते आधी बघा. जुन्या गाडीचे पाटे आणि स्प्रिंग दबतात. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंनी टेपनं मोजा. डाव्या-उजव्यात फरक असेल किंवा मागची बाजू दबली असेल, तर कंपनीचेच नवीन पाटे, स्प्रिंग, बुश आणि शॉकअप टाका. गेलेली उंची परत येते आणि कायदाही मोडत नाही.

२) आकार तोच, नक्षी वेगळी. मूळ आकारातच एटी, म्हणजे रस्ता आणि कच्चा दोन्हीकडे चालणारे टायर घ्या. बऱ्याच लोकांची गरज यातच भागते. फक्त चिखलासाठीचे एमटी टायर डांबरीवर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतात.

३) कंपनीनं मान्य केलेला आकार बघा. एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कधी थोडा मोठा टायर येतो. थारचा २५५/६५ आर १८ हा ७८९ मिमीचा आहे, स्कॉर्पिओ-एनचा २५५/६० आर १८ हा ७६३ मिमीचा. तुमच्या व्हेरियंटला तो चालतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा किंवा शोरूममधून लेखी घ्या. टायर कामातला जुना हिशोब असा, की मूळ व्यासापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त फरक नको.

४) टायरवरचे आकडे वाचा. लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. बाजूला चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. स्वस्तात मिळाला म्हणून जुना माल घेऊ नका.

५) चिखलात हवा कमी करा. मूळ टायरमध्येच हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. गाडी हळू चालवा, झटक्यात वळवू नका आणि डांबरीवर येताच दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. छोटा कॉम्प्रेसर आणि ओढायचा पट्टा गाडीत ठेवा. किटच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

उचललेली जुनी गाडी विकत घेताय?

• मडगार्डच्या आत टायर घासल्याच्या खुणा आहेत का, ते स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा.
• गाडीखाली जाऊन एक्सलचे बूट आणि ब्रेकचे होज तपासा.
• ६० ते ८० च्या वेगात कंप येतो का, ते चालवून बघा.
• मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि चाकं मालकाकडे आहेत का विचारा. नसतील तर ती परत बसवायचा खर्च किमतीतून कमी करा.
• विमा नावावर करताना गाडी आहे तशी दाखवा. काही लपवलं तर पुढं त्रास तुम्हालाच.

आधीच गाडी उचलली असेल तर मूळ सामान भंगारात देऊ नका. पावसाळ्याआधी एक दिवस काढून गाडी मूळ उंचीवर आणा, अलाइनमेंट करून घ्या, हेडलाईट सेट करा. घरातली एकच गाडी शेतावर जाते, लग्नाला जाते आणि रात्री दवाखान्यातही तीच नेते. ती चाकोरीत अडकली तर शेजारचा ट्रॅक्टर येऊन ओढतो. घाटात उलटली तर तसं कुणी ओढून काढू शकत नाही.