रुपेरी दूत आणि त्याचे कळीचे अंक

अमेरिकेतील चित्रकथांचे संग्राहक काही मोजक्या अंकांना कळीचे अंक मानतात. पात्र ज्यात प्रथम अवतरले तो अंक, त्याचा स्वतंत्र पहिला अंक, मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची गाठ पडली तो अंक. उरलेले सारे भरतीचे. सिल्व्हर सर्फर या अंतराळसंचारी वीराचे अंक या हिशेबात नेहमीच वरच्या पंक्तीस बसतात. तथापि तेच अंक क्रमाने लावून वाचले असता एक निराळा इतिहास हाती येतो, आणि तो किमतींच्या याद्यांत सापडत नाही.

या पात्राचा जन्म 'फँटॅस्टिक फोर' मासिकाच्या ४८ व्या अंकात झाला. मुखपृष्ठावर मार्च १९६६ असा महिना आहे. परंतु त्या काळी छापील महिन्याच्या बरेच आधी अंक विक्रीस येत, म्हणून तो १९६५ सालच्या अखेरीसच वाचकांच्या हाती पडला होता. किंमत १२ सेंट. मार्व्हल कंपनीची त्या वेळची रीत अशी, की संपादक स्टॅन ली यांनी कथेचा सांगाडा तोंडी सांगावा, चित्रकार जॅक कर्बी यांनी संपूर्ण कथा चित्रांतून रचावी आणि मागाहून लींनी संवाद लिहावेत. ग्रहच्या ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची ही कथा. कर्बींची पाने आली तेव्हा त्यांत लाटांवर स्वार होण्याच्या फळीवर उभा असलेला एक रुपेरी पुरुष होता, ज्याचा उल्लेख बोलण्यात कधी झालाच नव्हता. एवढ्या सामर्थ्यशाली देवाला एखादा अग्रदूत हवाच, असे कर्बींचे म्हणणे. लींनी स्वतःच ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे, हे त्यांच्या प्रांजळपणाचे द्योतक होय.

४९ व्या अंकात एका दृष्टिहीन मूर्तिकार स्त्रीच्या सहवासाने या दूताच्या ठायी करुणा जागी होते व तो धन्यावर उलटतो. ५० व्या अंकात शासन म्हणून त्याचा अंतराळसंचार हिरावला जातो आणि पृथ्वीच त्याचे बंदिगृह होते. हे तीन अंक एकत्र असणे संग्राहकास भूषणावह वाटते. कागद हलक्या प्रतीचा, आम्लयुक्त; तो पिवळा पडतो, टाचण्या गंजतात. यास्तव जुन्या प्रतींना दहापैकी गुण देऊन त्या पारदर्शक पेटीत कायमच्या बंद करण्याचा व्यवसाय २००० सालापासून चालू आहे. अशी प्रत उघडून वाचता येत नाही. आम्हांस तर ते सोवळ्यात गुंडाळून ठेवलेल्या पोथीसारखे वाटते.

ऑगस्ट १९६८ मध्ये सर्फरचे स्वतंत्र मासिक निघाले. किंमत २५ सेंट, पाने दुपटीच्या आसपास. लेखक स्टॅन ली. चित्रे मात्र जॉन ब्युसेमा यांची. कर्बींच्या मनात सर्फर हा मानवी पूर्वायुष्य नसलेला, शुद्ध ऊर्जेचा पुरुष होता. नव्या मासिकात तो झेन-ला ग्रहावरील नॉरिन रॅड ठरला, जो आपला ग्रह वाचावा म्हणून प्रियेस सोडून दास्य पत्करतो. कर्बींना याविषयी आधी विचारले गेले नव्हते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ब्युसेमांची रेषा अत्यंत देखणी. तिसऱ्या अंकातील मेफिस्टो आणि चौथ्यातील थॉरशी झालेले युद्ध पाहून संग्राहक वेडावले तर नवल नाही. परंतु या अंकांचे मोल मोजताना पात्र कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या देवळांतील कित्येक मूर्ती कोणी घडविल्या ते आम्हांस ठाऊक नाही; तेथे शिल्पीने आपले नाव आपण होऊन मागे ठेवले असे म्हणता येईल. येथे नाव छापले जाई, पण मेहनताना पानागणिक आणि मालकी सर्वस्वी कंपनीची. स्वहस्ते काढलेली मूळ पाने परत मिळावीत म्हणूनही कर्बींना दीर्घ काळ भांडावे लागले. १९८७ साली सुमारे २ हजार पाने परत आली. त्यांनी कंपनीसाठी काढलेल्या पानांचा तो लहानसा भाग होता. १९९४ साली ते वारले.

संग्राहकांच्या यादीत फारसा न चमकणारा एक अंक आमच्या मते खरा कळीचा आहे. तो स्वतंत्र मासिकाचा १८ वा, सप्टेंबर १९७० चा. खप घसरला होता. आठव्या अंकापासूनच पाने व किंमत कमी करण्यात आली होती. अखेरीस चित्रांसाठी कर्बींनाच बोलावण्यात आले. त्यांनी सर्फर काढला तो क्षमाशील नव्हे. माणसांच्या क्रौर्याने पेटलेला, शेवटच्या पानावर साऱ्या मानवजातीविरुद्ध उभा ठाकलेला. त्याच वर्षी कर्बींनी मार्व्हल सोडून प्रतिस्पर्धी डीसी कंपनीची वाट धरली. अंकाच्या अखेरीस नव्या, उग्र सर्फरचे आश्वासन छापलेले आहे. १९ वा अंक निघालाच नाही.