संध्याकाळची हजेरी

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महापालिकेचं मुख्य अग्निशमन केंद्र आहे. वर्दी मिळाली की बंब पाणी घेऊनच बाहेर पडतो. जंगलात वणवा विझवायला निघालेल्या हंगामी मजुराकडे मात्र बहुतेक वेळा हिरव्या पानांची फांदी असते, फार तर पाठीवर ब्लोअर. गुरुवार, 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात अशा तीन मजुरांचा होरपळून मृत्यू झाला. त्या दिवसाचा हा घटनाक्रम.

15 फेब्रुवारी : हंगाम सुरू
वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. आसपासच्या गावांतली माणसं फायर वॉचर म्हणून रोजंदारीवर लागतात. मुक्काम संरक्षण कुटीत, शिधा आणि पिण्याचं पाणी बाहेरून आणायचं. जाळरेषा साफ ठेवायच्या आणि धूर दिसला की धावायचं. या माणसांची जबाबदारी वनरक्षकावर आणि वनपालावर. कोण कुठल्या बीटात गेला आणि कोण परतला, हे त्यांनाच ठाऊक असायला हवं. वणव्याच्या कामात हजेरी मजुरीपुरती नसते. तिच्यावर जीव अवलंबून असतो.

8 एप्रिल, सकाळ
गोंदिया-भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात, नागझिरा अभयारण्याच्या डोंगराळ भागात आग लागल्याचं कळलं. वनकर्मचारी आणि मजूर निघाले. एप्रिलमध्ये पानगळीच्या जंगलात पाऊल टाकलं की पाचोळा कुरकुरतो. सकाळी हवेत थोडा ओलावा असतो, आग जमिनीलगत सरपटते. अशा वेळी मजूर तिच्या कडेने चालतात. एकजण ब्लोअरने पाचोळा मागे लोटून माती उघडी करतो, बाकीचे फांदीने ज्वाळा झोडपतात. धुराने डोळे चुरचुरतात, पाण्याची बाटली लवकरच रिकामी होते.

दुपार
ऊन चढलं की पाचोळ्यातला उरलासुरला ओलावा जातो. चढावर ज्वाळा डोंगराकडे झुकते, वरचं गवत पेटण्याआधीच तापवून ठेवते. त्यामुळे आग चढावर जास्त वेगाने पळते आणि माणूस नेमका तिथेच हळू होतो. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश वनखात्याच्या मोबाईलवर येतो. त्यातून आगीची जागा कळते. पुढच्या घटकेला वारा कुठून सुटेल, हे जागेवरच्या माणसालाच ओळखावं लागतं.

सायंकाळी 5 च्या सुमारास
आग आटोक्यात आली. दिवसभर राबलेल्या माणसाला याहून गोड शब्द नाही आणि याहून धोक्याचाही नाही. वरून काळी पडलेली जमीन आतून विझलेली असेलच असं नाही. पोकळ ओंडक्यात, वाळक्या खोडाच्या बुडाशी निखारा धुमसत राहतो. अंग थकलेलं, मन घराकडे लागलेलं. म्हणून म्होरक्याने सर्वांत जास्त सावध राहायची वेळ हीच.

त्यानंतर
वारा सुटला. आग पुन्हा भडकली. डोंगरावर काही मजूर ज्वाळांच्या वेढ्यात सापडले. तिघे जागीच गेले, दोघे गंभीर भाजले. सकाळी आलेल्यांपैकी सगळे परतले नाहीत.

घड्याळ आधीही थांबलं होतं
5 ऑगस्ट 1949 रोजी अमेरिकेत, मॉन्टानातल्या मान गल्च दरीत, दुपारी चारच्या सुमारास वणवा विझवायला एक पथक पॅराशूटने उतरलं. पावणेसहाच्या सुमारास म्होरक्याला समोरून चढत येणारी आग दिसली. एका मृताच्या घड्याळाचे काटे 5 वाजून 56 मिनिटांवर अडकलेले सापडले. तेरा जण गेले. अशा मृत्यूंतून शिकत 1991 मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी पथकप्रमुखाने चार गोष्टी बांधून दिल्या : आगीवर नजर ठेवणारा एक माणूस, सगळ्यांशी संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा. काम सुरू करण्याआधी चारही ठरलेल्या हव्यात.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. उंचावर एक माणूस बसवायचा, जळून गेलेली मोकळी जागा आधीच हेरायची, वाट प्रत्येकाला पायाखालून घालायला लावायची. आणि वारा फिरला की ‘सोडा, मागे फिरा’ हे म्होरक्याने ओरडून सांगायचं. जळालेल्या जंगलाबद्दल त्याला जाब विचारला जाईल, ही भीती त्याच्या मनातून काढणं वरिष्ठांचं काम आहे. तेंदूला, मोहाला पुन्हा पालवी फुटते. माणसाला फुटत नाही.

आजही एप्रिलमध्ये कुठल्यातरी कुटीसमोर सकाळी नावं पुकारली जात असतील. तीच नावं संध्याकाळी पुन्हा पुकारावीत आणि प्रत्येक नावाला ‘ओ’ मिळाल्यावरच वणवा विझला म्हणावं.