यादी कुणाच्या हातात

निवडणुकीत दारोदार फिरणाऱ्या बाईला ऐकावा लागणारा पहिला टोमणा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. पुण्यात पेठांपासून ताडीवाला रोडपर्यंत मतदारयाद्या काखोटीला मारून मी हिंडले आहे. ‘ताई, घरी पोरांना कोण बघतंय?’ हा प्रश्न मला जिन्याजिन्यावर भेटला. शिकागोच्या दुसऱ्या वॉर्डात १९१४च्या हिवाळ्यात मतदारनोंदणीसाठी फिरणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनाही त्यांच्याच वस्तीतल्या पुरुषांनी घरी जाऊन पोरं सांभाळायचा सल्ला दिला होता. आयडा बी. वेल्स यांच्या आत्मचरित्रात हे वाचलं आणि ही बाई मला एकदम ओळखीची वाटायला लागली.

वेल्स जन्मल्या गुलामगिरीत, १८६२ साली मिसिसिपीत. जमावाने केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांबद्दल लिहिणाऱ्या पत्रकार म्हणून त्यांचं नाव झालं. पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. जानेवारी १९१३मध्ये त्यांनी शिकागोत अल्फा सफ्रेज क्लब काढला. त्याच वर्षी इलिनॉय राज्याने बायकांना अर्धामुर्धा मताधिकार दिला: राष्ट्राध्यक्षासाठी आणि शहराच्या पदांसाठी मत द्यायचं, गव्हर्नरसाठी नाही. म्हणजे बायकांच्या हाती आधी वॉर्ड आला! क्लबच्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या आणि दारं ठोठावायला सुरुवात केली. १९१४मध्ये त्यांचा अपक्ष कृष्णवर्णीय उमेदवार पक्षाच्या यंत्रणेपुढे थोडक्यात पडला. लगोलग रिपब्लिकन पक्षाची दोन माणसं क्लबात हजर. पुन्हा अपक्षाच्या नादी लागू नका, पुढची जागा तुमच्याच माणसाला देऊ, असा निरोप घेऊन. त्या दोघांतला एक होता ऑस्कर डी प्रीस्ट. १९१५मध्ये तोच शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक झाला आणि १९२८मध्ये अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून गेला. हरलेल्या निवडणुकीची मतंसुद्धा कुणीतरी मोजत असतं, हे राजकारणातलं जुनं गणित.

पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतून कृष्णवर्णीय माणसांचे लोंढे येत राहिले. १९१० साली शिकागोत चव्वेचाळीस हजार कृष्णवर्णीय होते, १९८०पर्यंत ते जवळजवळ बारा लाख, शहराच्या चाळीस टक्के झाले. लिंकनचा रिपब्लिकन पक्ष सोडून ते डेमोक्रॅट झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या यंत्रणेत सामावले गेले. ही यंत्रणा जरा निवांत सांगण्यासारखी आहे. शहरात पन्नास वॉर्ड. प्रत्येक वॉर्डाचे पुन्हा बारीक तुकडे, एकेका तुकड्यात काही शे मतदार, आणि त्यावर पक्षाचा एक माणूस, ज्याला तिथे प्रीसिंक्ट कॅप्टन म्हणतात. या माणसाला बहुधा शहराच्या किंवा परगण्याच्या खात्यात नोकरी असायची. दिवसा नोकरी, संध्याकाळी जिने. कुणाच्या दारातली कचऱ्याची पेटी फुटली, कुणाचा मुलगा पोलिसांनी उचलला, कुठलं झाड छाटायचं राहिलं, हे त्याला तोंडपाठ. निवडणुकीआधी वॉर्डाच्या पुढाऱ्याला त्याने आपल्या तुकड्यातल्या मतांचा आकडा सांगायचा, आणि आकडा चुकला तर नोकरी धोक्यात.

मला या माणसाचा राग येत नाही. माझ्या ओळखीचे असे कितीतरी जण आहेत, फक्त त्यांना नोकरी कुणी दिली नाही.

विल्यम डॉसन हे काँग्रेस सदस्य शहराच्या दक्षिण भागातल्या अशा वॉर्डांचे सूत्रधार होते. १९५५मध्ये रिचर्ड जे. डेली पहिल्यांदा महापौर झाले, ते डॉसन यांच्या वॉर्डांच्या जोरावर. १९६३मध्ये तर गोरी मतं बऱ्याच अंशी प्रतिस्पर्ध्याकडे गेली आणि डेलींची खुर्ची कृष्णवर्णीय वस्त्यांनी वाचवली. बदल्यात काय मिळालं? स्टेट स्ट्रीटच्या कडेला सोळा मजली अठ्ठावीस इमारतींची रांग, जिथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं एका जागी कोंडली गेली. आणि शाळा. गोऱ्या वस्त्यांतले वर्ग रिकामे असले तरी कृष्णवर्णीय मुलांना तिथे पाठवायचं नाही, त्यापेक्षा त्यांच्याच शाळेच्या आवारात पत्र्याच्या फिरत्या खोल्या आणून ठेवायच्या, हे धोरण. २२ ऑक्टोबर १९६३ला दोन लाखांवर मुलं शाळेत गेलीच नाहीत. मत मात्र यंत्रणेलाच पडत राहिलं, कारण दुसरं कुणी दार ठोठावायला येतच नव्हतं.

गाठ सैल झाली ती ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे. सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांच्या हाताखालच्या पोलिसांनी ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला झोपेतच गोळ्या घातल्या. मुंबईत १९७२ साली दलित पँथर निघाली, ती याच पक्षाचं नाव घेऊन, हे आपल्याकडे ठाऊक असतं. त्याच १९७२मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय मतदारांनी काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. पक्षाचा एकगठ्ठा शिक्का मारायचं सोडून त्यांनी मतपत्रिकेवर हॅनरहन यांना वगळलं आणि त्या जागी रिपब्लिकन उमेदवार निवडून आला. ऑलिंपिक धावपटू राहिलेले राल्फ मेटकाफ हे यंत्रणेतले मानाचे गडी. तेही पोलिसी अत्याचारांवरून त्याच वर्षी डेलींपासून फुटले.

मग १९७९चं प्रसिद्ध हिमवादळ. रस्ते तुंबले तेव्हा रेल्वेगाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून कृष्णवर्णीय वस्त्यांतली काही स्थानकं वगळली गेली. कडाक्याच्या थंडीत फलाटावर उभ्या माणसांसमोरून गाडी न थांबता निघून जायची. त्या रागाची मतं घेऊन जेन बर्न महापौर झाल्या, आणि नंतर त्यांनीच गृहनिर्माण मंडळावरच्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या जागी गोरे नेमले.

आता हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय पुढारी. त्यांचे वडील तिसऱ्या वॉर्डात असेच एका तुकड्याचे माणूस होते. वडील गेल्यावर तो तुकडा हॅरॉल्ड यांनी सांभाळला. पुढे यंत्रणेशी बिनसलं, पण जिने चढणं अंगात मुरलेलं होतं. १९८२मध्ये लोक महापौरपदासाठी गळ घालायला आले तेव्हा त्यांनी भाषण ठोकलं नाही, अट घातली: आधी पन्नास हजार नवे मतदार नोंदवा. मला हा माणूस इथे आवडला. उत्साह आणि यादी यांतला फरक त्याला कळत होता.

नोंदणी एरवी शहराच्या मध्यावरच्या कचेरीत किंवा नेमून दिलेल्या मोजक्या दिवशी वस्तीत व्हायची. कार्यकर्त्यांनी मदतनिधीच्या आणि बेकारभत्त्याच्या कचेऱ्यांतच टेबलं मांडायला लावली. तासन्‌तास रांगेत उभ्या असलेल्या बाईला तिथेच नाव नोंदवता यायला लागलं. ५ ऑक्टोबरच्या नोंदणीदिवसासाठी केसांची उत्पादनं बनवणाऱ्या सॉफ्ट शीन कंपनीचे एडवर्ड गार्डनर यांनी पैसा आणि जाहिरातीची माणसं दिली, लू पामर यांच्यासारख्या पत्रकारांनी वस्त्या ढवळून काढल्या. पन्नास हजार मागितले होते, लाखावर नावं चढली.

२२ फेब्रुवारी १९८३च्या पक्षांतर्गत निवडणुकीत बर्न आणि थोरल्या डेलींचे चिरंजीव यांनी गोरी मतं वाटून घेतली, आणि साधारण ३६ टक्क्यांवर वॉशिंग्टन पुढे निघाले. त्यानंतर जे झालं ते मोठं मासलेवाईक. १९२७नंतर शिकागोत रिपब्लिकन महापौर निवडून आलेला नव्हता, पण डेमोक्रॅटिक वॉर्डांचे कित्येक पुढारी रातोरात रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्या कामाला लागले. एप्टन यांच्या जाहिरातीत ‘वेळ निघून जाण्याआधी’ एवढेच शब्द जोडलेले होते, कशाची वेळ ते सर्वांना कळत होतं. १२ एप्रिलला शंभरातले ऐंशीवर मतदार बाहेर पडले. वॉशिंग्टन जिंकले ते जेमतेम अठ्ठेचाळीस हजारांनी. लॅटिनो मतं आणि सरोवराकाठच्या वॉर्डांतली थोडी गोरी मतं मिळाली नसती, तर नव्याने नोंदवलेली ती नावंही पुरली नसती.

महापौर आपला, सभागृह मात्र विरोधात: २९ विरुद्ध २१. नगरसेवक एडवर्ड व्रडोल्याक यांच्या गटाने नेमणुका आणि ठराव अडवून धरले. हे कोडं सुटलं तेही वॉर्डातच. न्यायालयाने सीमा पुन्हा आखायला लावल्या, १९८६मध्ये सात वॉर्डांत फेरनिवडणुका झाल्या. निर्णायक लढत सव्विसाव्या वॉर्डात, लुईस गुटिएरेझ जिंकले आणि बलाबल २५-२५ झालं. बरोबरी फोडणारं मत महापौरांचं.

१९८७मध्ये वॉशिंग्टन पुन्हा निवडून आले आणि २५ नोव्हेंबरला कचेरीतच हृदयविकाराने गेले. आठवडाभरात सभागृहाने वारस निवडला. रात्रभर चाललेल्या बैठकीत जुन्या यंत्रणेचे गोरे नगरसेवक आणि मोजके कृष्णवर्णीय नगरसेवक यांनी मिळून यूजीन सॉयर यांना महापौर केलं. ते स्वतः कृष्णवर्णीय, पण यंत्रणेत वाढलेले. बाहेर हजारो माणसं त्यांच्या विरोधात ओरडत होती. पहाटे शपथ झाली. वॉशिंग्टन यांची चळवळ सॉयर आणि नगरसेवक टिमथी इव्हान्स यांच्यात दुभंगली. कॅप्टनांसारखी कायमची माणसं तिने गल्लोगल्ली नेमलीच नव्हती, माझ्या मते तिची खरी चूक ती. १९८९मध्ये कृष्णवर्णीय वॉर्डांतलं मतदान घसरलं आणि धाकटे डेली महापौर झाले. ते बावीस वर्षं राहिले, वडिलांपेक्षाही जास्त.