सिंगापूरच्या अंगणातील देशी महावृक्ष

सिंगापूर ‘उद्याननगरी’ म्हणून ओळखले जाते. तथापि तेथील हमरस्त्यांवर छत्र धरणारा वर्षावृक्ष मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला आहे. या बेटाचे स्वतःचे महावृक्ष निराळे, आणि त्यांपैकी काही मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत. येथील ‘पेनागा लाउत’ म्हणजे कोकण किनाऱ्यावरची उंडी. ‘जांबू लाउत’ जांभळाच्या कुळातला, तर ‘पुलाई’ सातविणीचा सगोत्र. ‘तेंबुसू’ मात्र खास आग्नेय आशियातला. त्याच्या फिकट पिवळ्या फुलांचा सुगंध सायंकाळी परिसरभर दरवळतो. वनस्पतिउद्यानातील एक तेंबुसू 1859 साली झालेल्या उद्यानाच्या स्थापनेपूर्वीचा असून पाच डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे.

अशा वृक्षाचे मोल सावलीपुरते नसते. वयाबरोबर खोडात ढोल्या तयार होतात आणि धनेशासारखे पक्षी त्यांतच घरटे करतात. सिंगापूरमधून जवळपास नाहीसा झालेला धनेश 1994 मध्ये पुलाऊ उबिन बेटावर पुन्हा दिसला. परंतु पुरेशा मोठ्या ढोल्यांअभावी पुढे त्याच्यासाठी कृत्रिम घरटी बसवावी लागली. रोप आज लावता येते. ढोली लावता येत नाही.

कायद्यानेही हे मोल ओळखले आहे. 1991 मध्ये सिंगापूरने दोन वृक्षसंवर्धन क्षेत्रे घोषित केली. या क्षेत्रांत एक मीटरहून अधिक घेराचे झाड, ते खासगी आवारात असले तरी, राष्ट्रीय उद्यान मंडळाच्या परवानगीविना तोडता येत नाही. 2001 पासून वारसावृक्ष योजनाही सुरू आहे. महाराष्ट्राने 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष मानले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. मात्र साठ वर्षांच्या वृक्षाबदल्यात साठ रोपे लावली, तरी तेवढी सावली मिळण्यास पुन्हा काही दशके जावी लागतात.

दुसरी बाजूही गंभीर आहे. 11 फेब्रुवारी 2017 रोजी वनस्पतिउद्यानातील 270 वर्षांहून जुना, सुमारे 40 मीटर उंचीचा तेंबुसू कोसळला व एका महिलेचा मृत्यू झाला. तो वारसावृक्षांच्या यादीतील होता. घराशेजारी महावृक्ष असणाऱ्याची भीती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

तिच्यावरचा उपाय मात्र सरसकट तोड हा नव्हे. प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाकडून नियमित तपासणी करून घेणे, मुळांवर काँक्रीट न ओतणे, शेंडा न छाटता केवळ वाळलेल्या वा धोकादायक फांद्या काढणे आणि पायथ्याशी अळिंबी उगवल्यास किंवा खोड झुकू लागल्यास विलंब न करता तज्ज्ञास बोलावणे, एवढी दक्षता घेतल्यास धोका पुष्कळ कमी होतो. भाडेकरूने अशी लक्षणे दिसताच घरमालकास लेखी कळवावे. महावृक्ष एका पिढीच्या मालकीचा नसतो. त्याची देखभाल मात्र प्रत्येक पिढीला करावी लागते.